आदींची उपस्थिती

सभागृहाच्या पहिल्या दोन रांगांना मंडपवाल्याने सवयीने कागद चिकटवले होते : ‘पत्रकारांसाठी राखीव’. त्याचं चुकलं असं कुणी म्हणू नये. बीडमध्ये लग्न सोडून कुठलाही कार्यक्रम असो, हे कागद त्याच्या टेम्पोत खुर्च्यांबरोबरच चढवलेले असतात. फक्त या वेळचा कार्यक्रम होता ‘विभागीय पत्रकार प्रशिक्षण कार्यशाळा व स्नेहमेळावा’, आणि अकरा तालुक्यांतून आलेला झाडून प्रत्येक माणूस पत्रकार होता. चहा फिरवणारा पोरगासुद्धा एका यूट्यूब चॅनेलचा कॅमेरामन निघाला. राखीव जागा सोडून जनतेत बसायची आमच्यात कुणाला सवय नाही. परिणामी पहिल्या दोन रांगांत एकेका खुर्चीवर दीड-दीड पत्रकार, आणि मागचं सगळं सभागृह मोकळं.

त्या मोकळ्या खुर्च्या पाहून आष्टीकडच्या एका तरुण मित्राचा हात आपोआप मोबाईलवर गेला. सभा कुणाचीही असो, आधी रिकाम्या खुर्च्यांचा फोटो काढून ठेवायचा, हे आमच्या धंद्यातलं बाळकडू. दीपप्रज्वलनातली वात पेटायच्या आत त्याची बातमी पडली : ‘पत्रकारांच्या मेळाव्याकडे पत्रकारांचीच पाठ’. संयोजकांनी ती मंचावर बसूनच वाचली, तिथल्या तिथे खुलासा लिहिला आणि पाठवला. त्याने तोही तत्परतेने चालवला : ‘बातमीचा दणका! अखेर संयोजकांना जाग’. हे दोघं एकमेकांपासून बारा फुटांवर बसले होते.

मी धारूरचा तालुका प्रतिनिधी. धारूरला किल्ला आहे आणि घाट आहे. तट ढासळला की किल्ल्याची बातमी होते, ट्रक कलंडला की घाटाची. मधल्या काळात मी निवडी, जयंत्या, सप्ताह आणि वाढदिवस यांवर जगतो. जगतो म्हणजे जाहिरातीच्या कमिशनवर. मानधनाचा विषय काढला की संपादकसाहेब समाजातल्या प्रतिष्ठेकडे बोट दाखवतात. या नोकरीत मला एकच विद्या पक्की आली आहे, ती म्हणजे नावं लिहिण्याची. कार्यक्रमात कोण काय बोललं हे वाचक विसरतो, लिहिणारा तर त्याच्याही आधी विसरतो. पण सरपंचाचं नाव उपसरपंचाच्या नंतर छापून आलं तर दोन्ही वाडे ते पुढच्या तीन निवडणुका विसरत नाहीत. सगळी नावं बसत नाहीत तेव्हा शेवटी ‘आदींची उपस्थिती होती’ असं लिहून सुटायचं. आदी म्हणजे एसटीची मागची सीट : जागा मिळाली असं म्हणता येतं, पण हाडं शाबूत राहतील याची हमी नसते. माझ्या हातून आजवर निम्मा तालुका आदींमध्ये गेला असेल.

मुहूर्त अर्थातच दर्पण दिनाचा होता. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा माणूस तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होता. एका स्तंभात इंग्रजी मजकूर, शेजारच्या स्तंभात मराठी, आणि वर्गणीदार तीनशेच्या आतबाहेर. ही माहिती प्रास्ताविकात आली. मग उद्घाटकांनी सांगितली. तिसऱ्या वक्त्याने ‘आपल्याला ठाऊकच आहे’ म्हणून सांगितली, चौथ्याने ‘माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच आहे’ म्हणून सांगितली. पाचव्याला नवीन काही उरलं नाही, म्हणून त्याने सन बदलला. माझ्या शेजारचे गेवराईचे एक ज्येष्ठ आकडा ऐकून अस्वस्थ झाले.

“तीनशे वर्गणीदार? मग जाहिराती कोण देत असंल ओ?”

“तेव्हा वाढदिवस नव्हते, दादा.”

“तरीच बंद पडलं.”

मंचावर खुर्च्या सतरा होत्या आणि मान्यवर एकतीस. सूत्रसंचालक एकेकाला नावाने वर बोलावत होता. वर गेलेला खाली येत नव्हता आणि नाव न आलेला खाली टिकत नव्हता. त्यातली मधली, पांढरा टॉवेल टाकलेली खुर्ची मंत्रिमहोदयांची. ते थोड्याच वेळात येणार होते. ‘थोड्याच वेळात’ म्हणजे नेमकं कधी, यावर सभागृहात खात्रीलायक माहितीचा पूर आला. एकाच्या सूत्रांनुसार ताफा पाडळसिंगीच्या टोलनाक्यावर होता. दुसऱ्याच्या सूत्रांनी तो त्याच क्षणी चौसाळ्यात पाहिला होता, म्हणजे बीडच्या बरोबर उलट्या अंगाला. तिसरा छातीठोकपणे सांगत होता की साहेब मांजरसुंब्याला चहाला थांबलेत, कपातली साखरसुद्धा त्याने सांगितली. साहेब मुंबईतून निघालेच नव्हते, हे दुपारी कळलं. पण त्यामुळे कुणाच्याच सूत्रांवरचा विश्वास ढळला नाही.

पहिलं सत्र ‘बातमीची पडताळणी’. प्रशिक्षण द्यायला पुण्याहून एक मॅडम आल्या होत्या. गुणी बाई. त्यांनी पडद्यावर एक बिबट्या लावला. रस्त्याच्या कडेला बसलेला, अंगाने भरलेला, चेहऱ्याने कंटाळलेला. खाली मोठ्या लाल अक्षरांत : ‘हा फोटो खोटा आहे’. हाच बिबट्या गेली काही वर्षं वेगवेगळ्या जिल्ह्यांत कसा फिरतोय, फोटोचं मूळ शोधायचं तर तो शोधयंत्रात उलटा कसा टाकायचा, फोटोतल्या झाडं, पाट्या, सावल्या, कपडे अशा खुणा कशा वाचायच्या, हे त्या तळमळीने सांगत होत्या. “फोटो आला की आधी स्वतःला विचारा, यात खटकतंय काय?”

आम्ही माना डोलावल्या. पाच-सात मिनिटांत माझा फोन थरथरला. ‘मांजरसुंबा घाटात बिबट्या! नागरिकांत भीतीचे वातावरण’. खाली फोटो. रस्त्याच्या कडेला बसलेला, अंगाने भरलेला, चेहऱ्याने कंटाळलेला. कुणीतरी पडद्याचा फोटो काढून लाल अक्षरं तेवढी कापली होती.

आष्टी तालुक्याने २०२० साली नरभक्षक बिबट्याचे खरेखुरे दिवस काढले आहेत, त्यामुळे या जनावराच्या नावाने जिल्हा अजून दचकतो. बघता बघता सभागृहातले सगळे फोन वाजू लागले. मॅडम पडताळणीच्या तिसऱ्या पायरीवर पोहोचेपर्यंत बिबट्या मांजरसुंब्यातून पालीला, पालीतून बिंदुसरेच्या पात्रात आणि तिथून बीड शहरात आला होता. माझ्या घरून फोन आला.

“अहो, कुठंयत तुम्ही?”

“सभागृहात. प्रशिक्षण चालू आहे.”

“दार लावून घ्या म्हणावं. तिथं बिबट्या आलाय.”

“कुणी सांगितलं?”

“तुमच्याच ग्रुपवर आलाय की. आणि मला एक सांगा, घाटातल्या बिबट्याच्या मागं निळा पडदा आणि फॅन कसा काय?”

मी मॅडमना हे सांगावं की काय, या विचारात असतानाच टाळ्या झाल्या आणि सत्र यशस्वीरीत्या पार पडलं.

दुसरं सत्र कृत्रिम बुद्धिमत्तेचं. हा तरुण प्रशिक्षक लॅपटॉपवर नुसता विषय टाकायचा आणि यंत्र भराभर बातमी लिहून द्यायचं. त्याने विचारलं, “कुणीतरी विषय सांगा.” पाटोद्याचे प्रतिनिधी उठले. “हरिनाम सप्ताहाची काल्याच्या कीर्तनाने सांगता, टाका.” यंत्राने पाव मिनिटात बातमी लिहिली. शुद्ध, सुबक, परिच्छेद पाडलेली. कीर्तनाचा आशय होता, महाप्रसाद होता, भाविकांची गर्दी होती. पाटोदेकरांनी ती शेवटपर्यंत वाचली आणि चष्मा काढला.

“यात नावं कुठंयत?”

“नावं तुम्ही द्यायची ना सर. यंत्र क्रम लावून देईल.”

“कसा क्रम?”

“म्हणजे… अकारविल्हे?”

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. हसण्यासारखंच होतं. अन्नदान कुणी केलं, मंडप कुणी दिला, दोन भावकींपैकी सध्या कोण कुणाशी बोलत नाही, माजी सभापतींच्या आधी आजी सदस्य घेतला तर दिवाळीची जाहिरात कुणाकडून जाते, आणि सप्ताहाला न आलेल्या पण आले असं छापलंच पाहिजे अशा माणसांची संख्या किती, हे सगळं डोक्यात ठेवून यादी करावी लागते. त्यासाठी माणसाचे केस पांढरे व्हावे लागतात. आपल्या नोकऱ्यांना धक्का नाही, हे त्या क्षणी सगळ्यांना कळलं आणि पुढचं सत्र फार मोकळ्या मनाने ऐकलं गेलं.

मजकूर उचलायचा नाही, यंत्राने दिलेला तसाच छापायचा नाही, असंही तो पोरगा बजावत होता. त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं की एकच बातमी सात अंकांत, एकाच शीर्षकाने आणि एकाच शुद्धलेखनाच्या चुकीसह छापण्यासाठी आम्हाला बुद्धिमत्ता कधी लागलीच नाही, कृत्रिम तर नाहीच. प्रेसनोट पुरते.

कायद्याच्या सत्राला मात्र पिन पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. १८६७ चा जुना छापखान्यांचा कायदा जाऊन २०२३ चा नवा नियतकालिक नोंदणी कायदा आला, १ मार्च २०२४ पासून तो लागू झाला, आता नोंदणीपासून वार्षिक विवरणापर्यंत सगळं ऑनलाइन, हे वक्ते सांगत होते. ‘विवरणात खप खरा लिहावा’ या वाक्याला दोन-तीन वृद्ध संपादक पाणी प्यायला बाहेर गेले. पुढे पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा कायदा निघाला. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने तो मंजूर केला, असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य, आणि त्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेले एस. एम. देशमुख आपल्या जिल्ह्यातले, म्हणून टाळ्या जोरात पडल्या. प्रश्नोत्तरात केजच्या एकाने हात वर केला.

“बातमीत नाव राहिलं म्हणून एखाद्या मान्यवराने रात्री साडेअकराला फोन करून आईबहिणीवरून विचारपूस केली, तर हे कलम लागतं का?”

वक्ते म्हणाले, “लेखी तक्रार द्यावी लागेल.”

“मग त्यात त्यांचं नाव लिहावं लागंल.”

“अर्थात.”

“म्हणजे शेवटी नाव आलंच की त्यांचं!” एवढं बोलून तो खाली बसला.

जेवणात ज्वारीची भाकरी, येसर आमटी, ठेचा आणि बुंदी. खरं प्रशिक्षण इथे होतं, असं मला दर वर्षी वाटतं, कारण ताट हातात असलं की माणूस फोन काढू शकत नाही आणि नाइलाजाने समोरच्याचं ऐकतो. एक वयोवृद्ध संपादक भाकरी चुरत नव्या पोरांना जुन्या गोष्टी सांगत होते. १९३८ साली आ. कृ. वाघमाऱ्यांनी ‘मराठवाडा’ काढला. निजाम सरकारने बंदी घातली तरी हे लोक नावं बदलून अंक काढतच राहिले. पोरं भारावली. त्यातला एक म्हणाला, “आमचंही तसंच आहे सर. चॅनेल ब्लॉक झालं की आम्ही दुसऱ्या नावानं उघडतो.”

“कशापायी ब्लॉक झालं?”

“सिनेमा टाकला होता. अख्खा.”

वृद्ध संपादकांनी आमटी पुन्हा मागवली. त्यांचं दुःख आणखी वेगळं होतं. नगर-बीड-परळी रेल्वे. २६१ किलोमीटरचा मार्ग, १९९५ ला मंजुरी. तेव्हापासून ‘बीडकरांचे रेल्वेचे स्वप्न लवकरच साकार’ हा मथळा त्यांनी बांधून ठेवला होता. अंकात जागा उरली, जाहिरात ऐन वेळी रद्द झाली, वार्ताहर आजारी पडला, की तो मथळा कामाला यायचा. त्यावर त्यांच्या दोन पोरींची लग्नं झाली, असं ते म्हणत. २०२२ ला गाडी आष्टीपर्यंत आली तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली होती. आणि १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गाडी खरोखरच बीडच्या स्टेशनात येऊन उभी राहिली. गाव नाचत होतं, हार घालत होतं, इंजिनाबरोबर सेल्फी काढत होतं. हे मात्र फलाटावर घरचं माणूस गेल्यासारखे उभे.

“तीस वर्षांचा मजकूर गेला, बाबा,” ते म्हणाले. मग बुंदीचा घास घेऊन जरा सावरले. “परळीपर्यंतचं राहिलंय म्हणा अजून.”

जेवणानंतर परस्परपरिचय. कार्यक्रमपत्रिकेवर याला ‘नेटवर्किंग’ म्हटलं होतं आणि अर्धा तास दिला होता. जिल्हाधिकारी कचेरीच्या पायऱ्यांवर रोज एकमेकांच्या खांद्यावरून बाईट घेणारी माणसं इथे एकमेकांना नव्याने भेटली, हात मिळवले आणि कार्डं दिली. माझ्या खिशात गठ्ठाभर कार्डं जमली. त्या गठ्ठ्यात एकही वार्ताहर नव्हता. सगळे मुख्य संपादक. एक तर संपादक, मालक, मुद्रक, प्रकाशक, विमा सल्लागार आणि एनए प्लॉटचा अधिकृत विक्रेता असा सगळा संसार एका कार्डावर घेऊन फिरत होता. काहींनी खपही छापला होता. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ भरली. खिशातल्या कार्डांची बेरीज धरली तर पाळण्यातल्या पोरांनी, आणि दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र-कर्नाटकात गेलेल्या ऊसतोड मजुरांच्या कुलूपबंद घरांनीसुद्धा दोन-दोन अंक घ्यायला हवेत.

कार्डांपाठोपाठ व्हॉट्सअॅप. ‘एकजूट’, ‘खरी एकजूट’ आणि ‘एकजूट (मूळ)’ अशा तीन ग्रुपांत मला घालण्यात आलं. माणसं तिन्हीकडे तीच, अॅडमिन तेवढे वेगळे. मीही एक ग्रुप काढला. सगळ्यांना घातलं. फक्त मीच लिहू शकेन अशी सोय केली. तेवढ्या अर्ध्या तासात मला काय वाटलं म्हणून सांगू, एखाद्या साखळी दैनिकाच्या समूह संपादकाला सकाळी उठल्यावर वाटत असावं तसलं काहीतरी.

समारोपाला सत्कार. हार-तुरे टाळून पुस्तकं द्यायची, असा सुधारणावादी ठराव झाला होता आणि तो पाळलाही गेला. पुस्तक अध्यक्षांचं स्वतःचं होतं. आधी मान्यवरांचे सत्कार झाले, मग मान्यवरांच्या हस्ते आयोजकांचे, मग आयोजकांच्या हस्ते राहिलेल्या मान्यवरांचे. आभार मानणाऱ्याच्या हातात दोन पानी यादी होती. माझे कान टवकारलेले. अंबाजोगाई झालं, परळी झालं, माजलगाव, वडवणी, शिरूर कासार… माझ्या मते इथे धारूर यायला हवं होतं. आभार मानणारा थांबला, त्याने पान उलटलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, “आदींचे मी आभार मानतो.” राष्ट्रगीत सुरू झालं म्हणून मी गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे अंक चाळले. बातमी सगळीकडे होती, शब्दाला शब्द तीच, कारण संयोजकांनी ती कार्यशाळेच्या आदल्या रात्रीच सर्वांना पाठवून ठेवली होती. मथळा : ‘पत्रकारांनी पडताळणी करूनच बातमी द्यावी — मंत्रिमहोदयांचे आवाहन’. मंत्रिमहोदय जवळजवळ अर्धा स्तंभ बोलले होते. खोट्या बातम्यांचा त्यांनी खरपूस समाचार घेतला होता, आणि ‘यावेळी सभागृह खचाखच भरले होते’. शेजारच्या स्तंभात वनविभागाने पालीच्या शिवारात पिंजरा लावल्याची बातमी.

नावांच्या यादीत मी नव्हतो. पण फोटोत होतो! मंत्र्यांच्या डाव्या खांद्यामागे, माझं अर्धं डोकं, एक कान आणि खांद्याचा भाग अगदी स्पष्ट. मी अंक घेऊन स्वयंपाकघरात गेलो.

“बघ. मंत्र्यांच्या मागं.”

तिने हात पुसले, अंक उजेडाला धरला. “मंत्री आलेच नव्हते म्हणालात ना रात्री?”

“ते जाऊ दे. मी दिसतोय का नाही?”

“दिसताय. चौकड्याच्या शर्टात.”

“मग?”

“हा शर्ट दिवाळीच्या आधी बोहारणीला दिला की मी. हा फोटो मागच्या सालचा आहे.” आणि पुरावा म्हणून तिने मांडणीवरून त्याच्या बदल्यात आलेलं पातेलं काढून माझ्या समोर धरलं.

मी म्हणालो, “संयोजकांकडून अधिकृत दुजोरा मिळाल्याशिवाय…”

“दुजोरा घ्या सावकाश,” ती म्हणाली. “तोवर या पातेल्यात दूध तापवते. आणि तो तुमचा नवा ग्रुप आहे ना, त्यात मला कशाला घातलंय? मला काही लिहिता येईना त्यात.”